कपाट आहे, पण किल्ली कुणाकडे?

पत्र : आमची छोटी स्वयंसेवी संस्था आहे. विद्यार्थ्यांच्या आरोग्याबाबत शाळांची धोरणं काय आहेत आणि प्रत्यक्षात काय चालतं, हे कळावं म्हणून आम्ही ९० शाळांना ७४ प्रश्नांची प्रश्नावली पाठवली. ५२ भरून आल्या. त्यातल्या ५० शाळांनी ‘लेखी आरोग्य धोरण आहे’ यापुढे ‘हो’वर खूण केली. प्रथमोपचार, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृहं, तंबाखूबंदी, समुपदेशन, सगळीकडे ‘हो’च ‘हो’. मग वेगळ्याच कामासाठी मी त्यातल्या एका शाळेत गेले. तेव्हाच एका मुलाचा गुडघा फुटला. प्रथमोपचाराचं कपाट होतं, पण त्याला कुलूप होतं आणि किल्ली ज्या बाईंकडे, त्या रजेवर. शेवटी कुणीतरी नळाखाली जखम धुतली आणि रुमाल बांधला. आता आमच्या समितीला अहवाल हवाय, शाळांची नावं घालून क्रमवारीसकट. प्रश्नावलीच्या माथ्यावर मात्र आम्हीच ‘माहिती गोपनीय राहील’ असं छापलं होतं. त्या शाळेचं उत्तर मी ‘नाही’ करून टाकू का? की हे सर्वेक्षणच गुंडाळून ठेवू?
— गोंधळलेली

उत्तर : ते ‘हो’ खोडू नका. गुंडाळूही नका. आणि सगळ्यात आधी, त्या शाळेवरचा राग सोडा, कारण शाळा खोटं बोललेली नाही. तुम्ही विचारलंत, प्रथमोपचाराची सोय आहे का? कपाट आहे, आत औषधं आहेत, कुणावर तरी जबाबदारीही सोपवलेली आहे. मुख्याध्यापकांच्या जागी मी असतो तर मीही ‘हो’च लिहिलं असतं. मुलाला मलमपट्टी किती वेळात मिळते, हे तुम्ही विचारलंच नव्हतं.

हे एवढ्या ठामपणे सांगतोय, कारण मी स्वतः यात तोंडावर आपटलोय. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका पाहणीच्या प्रश्नावलीत ‘शाळेत आरोग्य कक्ष आहे का?’ असा प्रश्न टाकला होता. उत्तरं भरभरून आली. त्यातला एक आरोग्य कक्ष मी पुढे डोळ्यांनी पाहिला : मोडके बाक, गेल्या स्नेहसंमेलनाचे पडदे, आणि त्या सगळ्याच्या मागे भिंतीला टेकवून उभी केलेली लोखंडी खाट. दारावर ‘आरोग्य कक्ष’ अशी सुबक पाटी. माझ्या प्रश्नाला त्या पाटीने उत्तर दिलं होतं, आणि ते अगदी खरं होतं.

धोरण आणि व्यवहार हे दोन शब्द आपण एका दमात उच्चारतो, पण शाळेत ते वेगवेगळ्या माणसांकडे राहतात. धोरण मुख्याध्यापकांच्या फायलीत असतं. ते वर्गशिक्षकांना ठाऊक आहे की नाही, हा दुसरा मुद्दा. आणि मधल्या सुट्टीत दम्याच्या मुलीला धाप लागली तर तिचा इनहेलर तिच्या दप्तरात आहे, कार्यालयात आहे की ‘घरी ठेवायला सांगितलंय’, हा तिसरा. तुमची प्रश्नावली यातल्या पहिल्याच माणसापर्यंत पोचली आणि उरलेल्या दोघांबद्दलही त्यालाच विचारून मोकळी झाली.

मोठ्या पाहण्यांना हा धडा फार आधी मिळालाय. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेची शालेय आरोग्य धोरणं आणि व्यवहारांची राष्ट्रीय पाहणी १९९४मध्ये सुरू झाली. नंतर २०००, २००६, २०१२, २०१४ आणि २०१६ साली तिच्या फेऱ्या झाल्या. राज्य, जिल्हा, शाळा आणि वर्ग असे चार स्तर तिने वेगळे धरले, कारण राज्याने कागदावर लिहिलेलं वर्गात उतरतंच असं नाही. सीडीसीचीच दुसरी एक पाहणी १९९६पासून दर दोन वर्षांनी होते. तिच्यात एका शाळेला दोन प्रश्नावल्या जातात : एक मुख्याध्यापकांना, दुसरी आरोग्यशिक्षणाची मुख्य जबाबदारी असलेल्या शिक्षकाला. मला ही युक्ती फार आवडते. तुम्हाला चार स्तर झेपणार नाहीत, पण दोन कागद सहज जमतील. नियम आणि व्यवस्थेचे प्रश्न मुख्याध्यापकांना विचारा. औषध, दुखापत, आजारपण यांचे प्रश्न परिचारिकेला विचारा, आणि परिचारिका नसेल तर मूल पडलं की ज्यांच्याकडे धाडलं जातं त्या व्यक्तीला. त्या नेमक्या कोण, हे शाळेत विचारलंत की सगळे एकाच बाईंचं नाव घेतील. त्यांच्या नेमणुकीच्या पत्रात मात्र या कामाचा उल्लेखही नसेल. माझ्या लेखी हाच तुमच्या पाहणीचा पहिला निष्कर्ष ठरू शकतो.

आता प्रश्नांकडे येऊ. तुमच्या पत्रात किल्लीची गोष्ट वाचली आणि मला एक व्याख्या आठवली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचा पाणी-स्वच्छतेवर देखरेख करणारा संयुक्त कार्यक्रम आहे. शाळेतलं स्वच्छतागृह ‘वापरण्याजोगं’ कधी मानायचं, हे त्यांनी ठरवून ठेवलंय. दाराला कुलूप नसावं, किंवा किल्ली कायम हाताशी असावी. भांडं फुटलेलं किंवा तुंबलेलं नसावं, फ्लशला पाणी असावं. दार आतून लावता यावं आणि भिंतीला मोठ्या फटी नसाव्यात. शिवाय हे सगळं पाहणीच्या वेळी तसं असायला हवं. हात धुण्याचंही तेच : बेसिन असून भागत नाही, त्या घडीला तिथे पाणी आणि साबण दोन्ही हवेत. म्हणजे किल्ली कुणाकडे हा प्रश्न तुमच्या आधी कुणाला तरी पडला होता, आणि त्यांनी तो व्याख्येतच घालून टाकला. प्रथमोपचाराच्या कपाटाला हीच व्याख्या लावायला काय हरकत आहे?

म्हणून ‘आहे का?’ हा शब्दप्रयोग तुमच्या प्रश्नावलीतून होता होईल तो हद्दपार करा. त्याऐवजी मागच्या वेळचं विचारा. ‘गेल्या तीस दिवसांत शाळेत मुलाला दुखापत झाल्याचा शेवटचा प्रसंग कोणता? तेव्हा प्रथमोपचार कुणी केला? साहित्य कुठून आणलं?’ असं विचारलं की माणूस स्वतःच्या शाळेची प्रतिमा बाजूला ठेवतो आणि परवाचा मंगळवार आठवू लागतो. ‘समुपदेशनाची सोय आहे का?’ याला ‘हो’ म्हणायला काही लागत नाही. ‘गेल्या सत्रात किती मुलं समुपदेशकाला भेटली? त्यांना कुणी पाठवलं?’ यावर मात्र वही उघडावी लागते, आणि वही नसेल तर तेही कळतं. तंबाखूबंदीचा नियम प्रत्येक शाळेत असतो. तो शिक्षकांना आणि पाहुण्यांनाही लागू आहे का, शाळेच्या बसमध्ये आणि सहलीतही लागू आहे का, गेल्या वर्षी कुणाला टोकलं का, असं विचारलंत की नियमाची खरी लांबी-रुंदी कळते.

मुदत तोकडी ठेवा. ‘गेल्या वर्षभरात’ म्हटलं की माणसं दीड-दोन वर्षांपूर्वीचंही त्यात ओढून आणतात, विशेषतः ते शोभेचं असेल तर. क्वचित घडणाऱ्या गोष्टींना, म्हणजे डोळ्यांची तपासणी किंवा लसीकरणाच्या नोंदींची पडताळणी, वर्षाची मुदत चालेल. पण सोबत महिना विचारा.

आणखी एक खोड तुमच्या प्रश्नावलीत नक्की असणार, कारण ती सगळ्यांच्याच असते. ‘शाळेत स्वच्छ पिण्याचं पाणी आणि पुरेशी स्वच्छतागृहं उपलब्ध आहेत का?’ हे दिसायला एक वाक्य असलं तरी आत प्रश्न चार आहेत : पाणी, त्याची स्वच्छता, स्वच्छतागृहं, त्यांचं पुरेसेपण. पाणी उत्तम आणि स्वच्छतागृहं तुंबलेली असतील तर बिचाऱ्या मुख्याध्यापकांनी खूण करायची कुठे? ते उदार मनाने ‘हो’वर करतात. प्रत्येक प्रश्नातले ‘आणि’ व ‘किंवा’ लाल पेनने घेरा. जिथे घेर पडेल तिथे प्रश्न तोडा.

उत्तरांचे पर्यायही पाहा. ‘हो’ आणि ‘नाही’ एवढेच ठेवलेत तर ‘नाही’ हा गुन्ह्याच्या कबुलीसारखा वाटतो. धोरणाच्या बाबतीत ‘सक्तीचं आहे’, ‘शिफारस केलेली आहे’ आणि ‘दोन्ही नाही’ असे पर्याय ठेवले तर बराच फरक पडतो. सीडीसीच्या पाहणीतही धोरणांची नोंद सक्ती आणि शिफारस असा भेद करून होत असे. व्यवहाराच्या प्रश्नांना ‘मला माहीत नाही’ हा पर्याय द्याच. तो नसेल तर न जाणणारी माणसंही ‘हो’वरच खूण करतात. तो असेल, आणि वीस मुख्याध्यापकांनी इनहेलरच्या प्रश्नावर तोच निवडला, तर तुम्हाला मोलाची माहिती मिळाली असं समजा.

७४ प्रश्नांबद्दल मी जास्त बोलत नाही. निम्मे काढा. प्रत्येक प्रश्नापाशी स्वतःला विचारा की उत्तर ‘अमुक’ आलं तर आपण काय वेगळं करणार आहोत. काहीच नाही? खोडा. निम्मे कोणते ठेवावेत यावर तुमच्या समितीत भांडण होणार हे उघड आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनेस्को यांनी २०२१मध्ये आरोग्यसंवर्धक शाळांसाठी आठ मानकं जाहीर केली. त्यातलं एक सरकारी धोरण आणि साधनांबद्दल आहे. बाकीची शाळेची धोरणं, नेतृत्व, समाजाशी भागीदारी, अभ्यासक्रम, सामाजिक-भावनिक वातावरण, भौतिक परिसर आणि आरोग्यसेवा यांबद्दल. ही यादी भिंतीवर लावा आणि तुमचे प्रश्न तिच्यासमोर मांडा. माझा अंदाज असा, की भौतिक परिसराखाली प्रश्नांची गर्दी होईल आणि भावनिक वातावरणाखाली एखाद-दुसराच उरेल. नळ मोजायला सोपे असतात. चिडवाचिडवी, मारहाण, एकट्या पडलेल्या मुलाकडे कोण लक्ष देतं, हे मोजायला अवघड, म्हणून आपण ते टाळतो.

नवी प्रश्नावली पाठवण्याआधी एक काम कराच, आणि यात आळस नको. तीन-चार शाळांत जाऊन मुख्याध्यापकांच्या शेजारी बसा आणि त्यांना प्रश्न मोठ्याने वाचून, मनात काय येतं ते बोलत बोलत उत्तर द्यायला सांगा. तुम्ही गप्प राहायचं. ‘आरोग्य धोरण’ म्हटल्यावर एक जण शिक्षणखात्याचं परिपत्रक काढून दाखवेल, दुसरा भिंतीवरचा ‘हात धुवा’चा फलक, तिसरा म्हणेल, ‘धोरण म्हणजे आम्ही काळजी घेतोच की!’ तिघांनीही तुमच्या आधीच्या प्रश्नावलीत ‘हो’ लिहिलेलं असेल. ते ५० ‘हो’ कशाचे बनलेत, हे अशा एका दुपारी जितकं कळेल तितकं कुठल्याच आलेखातून कळणार नाही.

आता न आलेल्या ३८ प्रश्नावल्या. यांच्याबद्दल तुम्ही पत्रात अवाक्षर काढलेलं नाही, आणि मला खरी काळजी त्यांचीच वाटते. समिती अहवालात ‘९६ टक्के शाळांत लेखी आरोग्य धोरण’ असं छापणार, कारण ५२ पैकी ५० म्हणजे ९६ टक्के. पण तुम्ही विचारलं होतं ९० शाळांना. गप्प राहिलेल्या सगळ्या ३८ शाळांत धोरण नसेल तर आकडा ५६ टक्क्यांवर येतो. सगळ्यांत असेल तर ९८. खरं उत्तर या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि तुमच्या हातातला कागद नेमकं कुठे ते सांगू शकत नाही. सीडीसीच्या त्या दर दोन वर्षांच्या पाहणीत एखाद्या राज्यातून किमान ७० टक्के प्रतिसाद आला तरच त्या राज्याचे आकडे तिथल्या सगळ्या शाळांना लागू धरत. तुमचा प्रतिसाद ५८ टक्के आहे. गप्प राहणाऱ्या शाळा बोलणाऱ्या शाळांसारख्याच असतात, असं मानायला काही आधार नाही. कामाच्या ओझ्याने वाकलेली शाळा प्रश्नावली बाजूला ठेवते आणि जिच्याकडे दाखवायला काही नाही तीही ठेवते.

म्हणून त्या ३८ शाळांना फोन करा. ७४ प्रश्न नकोत, पाचच विचारा. फोनवर पाच मिनिटं द्यायला माणसं तयार होतात. त्यातल्या पंधरा-वीस जरी बोलल्या तरी बोलक्या आणि गप्प शाळांत फरक आहे का याचा अंदाज येईल. आणि आलेल्या ५२ पैकी पहिल्या आठवड्यात आलेल्या आणि तीनदा आठवण करून दिल्यावर आलेल्या प्रश्नावल्या वेगळ्या करून पाहा. उशिरा आलेल्यांत ‘हो’ कमी झालेले दिसले, तर न आलेल्यांकडे तो कल आणखी पुढे गेलेला असण्याची शक्यता धरा.

क्रमवारी मात्र नाही. इथे मी सल्ल्याची भाषा सोडून सरळ सांगतो : करू नका, आणि समितीला करू देऊ नका. ‘माहिती गोपनीय राहील’ असं छापून तुम्ही उत्तरं घेतलीत. आता नावं छापलीत तर तो शब्द मोडला, मग अहवाल कितीही चांगल्या हेतूने काढलेला असो. शिवाय अशी क्रमवारी लागणार कशाची? ज्यांनी बेधडक ‘हो’ लिहिलं त्या शाळा वर जातील, आणि ज्या दोघा मुख्याध्यापकांनी प्रामाणिकपणे ‘लेखी धोरण नाही’ असं कळवलं ते तळाला दिसतील. पुढच्या वेळी तेही शहाणे होतील आणि तुमच्याकडे ५२ पैकी ५२ ‘हो’ येतील. समितीला काही तरी ठोस हवंय हे मला समजतं. तर प्रत्येक शाळेला तिचं स्वतःचं एक पान द्या : तुमची उत्तरं ही, बाकी शाळांची बेरीज ही. एवढ्याने मुख्याध्यापक जे करतात ते जाहीर यादीने करत नाहीत.

आत्ताच्या ५२ प्रश्नावल्या फेकू नका. अहवालाला ‘शाळा स्वतःबद्दल काय सांगतात’ असं नाव द्या आणि पहिल्याच परिच्छेदात किती जणांना विचारलं, किती बोलले, भरलं कुणी हे लिहा. त्याला भेटींची जोड द्या. ९० शाळांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून दहा-बारा काढा. बोलक्या-गप्प दोन्हींतून निघू द्या, सोयीच्या शाळा निवडू नका. भेटीआधी तारीख कळवा. हो, त्या दिवशी साबण ठेवला जाईल, मला ठाऊक आहे. पण न सांगता गेलात तर तुम्ही तपासनीस ठराल आणि पुढचे दरवाजे बंद होतील. साबण घाईने आणता येतो. गळका नळ, मोडकी कडी, कोरी नोंदवही एका रात्रीत बदलत नाहीत, म्हणून डोळे तिकडे ठेवा.

मुलांना विचारावं का? विचारण्यासारखं बरंच आहे. स्वच्छतागृह टाळण्यासाठी दिवसभर पाणी न पिणाऱ्या मुली कुठल्याच मुख्याध्यापकांच्या प्रश्नावलीत सापडत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेची विद्यार्थ्यांची पाहणी २००३पासून अनेक देशांत चालते. ती १३ ते १७ वर्षांच्या मुलांकडून वर्गात निनावी भरून घेतात. पण मुलांना विचारायचं तर पालकांची संमती हवी, मुलांची स्वतःची हवी, आणि एखाद्या मुलाने काही गंभीर सांगितलं तर पुढे काय करायचं हे आधी ठरलेलं हवं. तुमच्या संस्थेची ती तयारी आज दिसत नाही. या फेरीत मुलं नकोत.

उरली ती कुलूपबंद कपाटाची शाळा. तिचं उत्तर आकड्यांत ‘हो’च राहील. तुम्ही ते पाहिलंत ते पाहणीसाठी गेलेल्या असताना नाही, आणि एकीचंच दुरुस्त करून बाकी ५१ तशाच ठेवणं म्हणजे सगळ्यांनाच वेगवेगळी फूटपट्टी लावणं. पण मुलाचा गुडघा हा आकडा नाही. त्याला गोपनीयता आड येत नाही, कारण तुम्ही शाळेबद्दल जगाला सांगत नाही आहात, शाळेलाच सांगताय. त्या मुख्याध्यापकांना आजच फोन लावा. अहवालाचा, सर्वेक्षणाचा विषय काढू नका. ‘त्या दिवशी मी आले होते, बाई रजेवर होत्या आणि कपाट उघडता आलं नाही, दुसरी किल्ली कार्यालयात टांगता येईल का?’ एवढंच विचारा. बहुतेक ते आधी ओशाळतील, मग हसतील, आणि संध्याकाळपर्यंत खिळा ठोकला जाईल.

आणि नव्या प्रश्नावलीत मुलाला लागलं की ज्या धावतात त्या बाईंसाठीच्या कागदावर पहिला प्रश्न हा घाला : ‘आज तुम्ही रजेवर असता, तर कपाट कुणी उघडलं असतं?’